छोट्या कॅबिनेटचा पॉवर सप्लाय: वॉट नंतर, उष्णता आधी

नवा कॉम्प्युटर जोडताना बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, मग दिसायला छान कॅबिनेट आणि शेवटी उरल्यासुरल्या पैशांत एसएमपीएस, म्हणजेच पॉवर सप्लाय. मोठ्या टॉवरमध्ये हे खपून जातं. आत जागा मुबलक असते आणि कुठल्याही कंपनीचा एटीएक्स, म्हणजे नेहमीच्या प्रमाणित आकाराचा, सप्लाय त्याच चार स्क्रूंवर बसतो. दहा-पंधरा लिटर आकारमानाच्या कॅबिनेटमध्ये मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. तिथे सप्लायच्या आकारावर कॅबिनेट ठरतं आणि कॅबिनेटवर कार्डाची लांबी, कूलरची उंची, वायर वळवायला उरणारी जागा ठरते. सप्लाय शेवटी घेणाऱ्याला बहुधा आधी घेतलेलं काहीतरी परत करावं लागतं.

आपल्या इंदूरच्या मंडळींनी यात आणखी दोन गोष्टी धरायला हव्यात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि रामबाग असो की सुदामानगर, घरोघरी इन्व्हर्टर आहे. परदेशी परीक्षणांत इन्व्हर्टरचा उल्लेखही नसतो. राहिला उन्हाळा, तर डब्यावर मिरवणाऱ्या ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राची चाचणी २३ अंशांच्या आसपास होते. गच्चीखालच्या, स्लॅब तापलेल्या खोलीत तो आकडा जशाच्या तसा धरता येत नाही.

पहिली पायरी: खरा भार काढा

‘सेफ साइड’ म्हणून साडेसातशे वॉटचा सप्लाय घेण्याआधी कागद-पेन घ्या. एएमडीच्या रायझन ५ ७६०० प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण मदरबोर्डच्या सॉकेटमधून तो ८८ वॉटपर्यंत ओढतो. इंटेलचा आय५ १३४०० मुळात ६५ वॉटचा, तरी टर्बोमध्ये १४८ पर्यंत जातो. म्हणजे छापलेला वॉटचा आकडा (टीडीपी) न धरता कमाल आकडा धरायचा. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॉटचं. बोर्ड, रॅम, एनव्हीएमई एसएसडी आणि पंखे मिळून ४० वॉट धरले तर रायझन आणि ४०६० ची जोडी सगळी मिळून २४३ वॉटवर थांबते. कार्ड नसलेलं, घरचं हिशेबाचं किंवा ऑनलाइन क्लासचं मशीन १२० च्या आसपास राहतं.

जुनं मशीन हाताशी असेल तर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचं वॉटमीटर वापरा. फक्त लक्षात ठेवा, ते मीटर सप्लायने ओढलेली वीज दाखवतं, आतल्या भागांना मिळालेली नाही. ३०० दिसले आणि सप्लाय ८५ टक्के कार्यक्षम असला, तर खरा भार २५५ आहे.

आता ग्राफिक्स कार्डाची खोड. ते सरासरी ११५ वॉट घेत असलं तरी मधूनच, काही मायक्रोसेकंद ते काही मिलिसेकंद, त्याच्या कितीतरी वर उसळी मारतं. मोठ्या कार्डांमुळे चांगले सप्लायही अचानक बंद पडू लागले, तेव्हा २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मानकाने ४५० वॉटच्या वरच्या आणि नवा ग्राफिक्स कनेक्टर असलेल्या सप्लायना दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद झेलण्याची अट घातली. आपल्या २४३ वॉटच्या मशीनला चांगला ४५० वॉटचा सप्लाय पुष्कळ झाला. आरटीएक्स ४०७० सारखं २०० वॉटचं कार्ड असेल तर ५५० ते ६०० घ्या.

त्याहून मोठा घेतल्याने सहसा बिघडत काही नाही, पण मिळतही काही नाही. मशीन नुसतं चालू असताना ५० वॉट घेतं. ८५० वॉटच्या सप्लायसाठी तो सहा टक्के भार झाला, आणि ८० प्लसची बहुतेक पदकं (ब्राँझ, गोल्ड वगैरे) २० टक्क्यांच्या खाली बघतच नाहीत. टायटेनियममध्ये मात्र १० टक्क्यांची चाचणी आहे.

दुसरी पायरी: उष्णतेचा हिशेब

माझ्या मते निवडीचा खरा कणा हाच. २५० वॉटचा भार ९० टक्के कार्यक्षम सप्लायवर टाकला तर तो भिंतीतून २७८ वॉट घेतो आणि २८ वॉट स्वतःच उष्णता म्हणून सोडतो. तोच भार ८२ टक्केवाल्यावर टाकला तर ५५ वॉट उष्णता निघते. हा २७ वॉटचा फरक मोठ्या टॉवरमध्ये जाणवत नाही. दहा लिटरच्या डब्यात, जिथे सप्लायच्या पोटाशी ग्राफिक्स कार्ड चिकटून बसलेलं असतं, तिथे तो हाताला लागतो.

विजेचं बिल वाचवायला म्हणून कोणी जास्त कार्यक्षम गोल्ड सप्लाय घेऊ नये. रोज आठ तास पूर्ण भार धरला तरी फरक पाव युनिटच्याही आत येतो. गोल्डचे जादा पैसे द्यायचे ते आतल्या कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांच्या, आयुष्यासाठी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ८५ ला ८००० आणि ६५ ला ३२,००० तास काढतो. बाहेर खोलीच ३८ अंश, कॅबिनेटमधली हवा ५० च्या घरात, सप्लायच्या आत त्याहून जास्त. प्रत्येक अंश महाग आहे.

म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये वॉटच्या शेजारी तापमान शोधा. चांगली कंपनी स्पष्ट लिहिते, की पूर्ण वॉट ४० अंशांपर्यंत किंवा ५० अंशांपर्यंत मिळतील. तापमान लिहिलेलंच नसेल, तर तो ४५० वॉटचा आकडा २५ अंशांचा समजा आणि आपल्या उन्हाळ्यात त्याच्या पाऊणपटीवर विश्वास ठेवा.

तिसरी पायरी: उष्णता आत ठेवायची की बाहेर

एसएफएक्स हा छोट्या सप्लायचा आकार आजचा राजमार्ग. १२५ बाय ६३.५ बाय १०० मिलिमीटर, आत ८० किंवा ९२ मिलिमीटरचा बारीक पंखा. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला दुसरीकडे फार बघूच नका. त्याचा मोठा भाऊ एसएफएक्स-एल १३० मिलिमीटर खोल असतो. त्यात १२० चा पंखा बसतो म्हणून तो शांत. पण त्या ३० मिलिमीटरमध्ये नेमक्या वायर वळवायच्या असतात. कूलर मास्टरच्या एनआर२०० सारख्या १८ लिटरच्या कॅबिनेटमध्ये दोन्ही बसतात. त्याहून लहानात आधी टेपने मोजा, आणि मोजताना कनेक्टरचे २०-२५ मिलिमीटर वेगळे धरा. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला फेरी मारलीत तर एटीएक्स सप्लाय हातोहात मिळेल, एसएफएक्स मात्र कित्येकदा मागवावा लागतो. तो हाती आल्याशिवाय कॅबिनेटचं पॅकिंग फाडू नका.

फ्लेक्स-एटीएक्स फक्त ४०.५ मिलिमीटर जाड आणि ८१.५ रुंद असतो. चार-पाच लिटरचे चिमुकले डबे त्याच्याच जिवावर उभे आहेत. पंखा मात्र ४० मिलिमीटरचा. इतका लहान पंखा हवा ढकलायला हजारो फेरे मारतो आणि त्याची किणकिण रात्री शेजारच्या खोलीत ऐकू येते. पुष्कळजण सप्लाय उघडून आत शांत पंखा बसवतात. मी तसं सुचवणार नाही. आत ४०० व्होल्टच्या आसपास चार्ज झालेला कपॅसिटर असतो, वायर काढल्यावरही तो लगेच रिकामा होईलच असं नाही, आणि शांत पंखा म्हणजे बहुधा कमी हवा.

टीएफएक्स हा लांबोडका, ८५ बाय ६५ बाय १७५ चा. ऑफिसच्या स्लिम डेस्कटॉपमध्ये सापडतो. जुना बदलायचा असेल तरच घ्या.

आता बाहेरचा मार्ग. लॅपटॉपसारखा अ‍ॅडॅप्टर जमिनीवर, आणि कॅबिनेटमध्ये फक्त एक छोटं डीसी-एटीएक्स बोर्ड (अ‍ॅडॅप्टरची वीज मशीनला हव्या त्या व्होल्टांत देणारं), जे थेट मदरबोर्डच्या २४ पिनांत बसतं. २३० व्होल्टवरून खाली येण्याची सगळी उष्णता खोलीत जाते, डब्यात नाही. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला मी डोळे झाकून हीच रचना देतो. पंखा एकच, प्रोसेसरचा. धूळ कमी, आवाज जवळजवळ नाही, आणि अ‍ॅडॅप्टर बिघडला तर कॅबिनेट उघडावं लागत नाही.

इथे १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर की १९ चा, हा प्रश्न येतो. या डीसी-एटीएक्सपैकी पिको जातीची साधी बोर्डं १२ व्होल्ट आहेत तसे पुढे सरकवतात, म्हणजे तुमच्या हार्ड डिस्कला मिळणारे १२ व्होल्ट किती नेमके, हे पूर्णपणे अ‍ॅडॅप्टरवर अवलंबून. शिवाय १५० वॉट १२ व्होल्टवर न्यायला १२.५ अँपिअर लागतात, १९ वर ७.९. गोल पिन आणि वायर मिळून २० मिलीओहम रोध धरला तर १२ व्होल्टच्या वायरीत ३ वॉट जळतात, १९ च्या वायरीत सव्वा. ते ३ वॉट पिनेच्या एवढ्याशा जागेत जळत असल्याने प्लॅस्टिक पिवळं पडायला लागतं. शंभर वॉटच्या वर १९ व्होल्ट आणि रुंद रेंजचं, म्हणजे १२ हून जास्त व्होल्टही चालणारं, डीसी-एटीएक्स बोर्ड घ्या. त्याहून मोठा भार असेल तर गोल पिनेऐवजी चार पिनांचा डीआयएन कनेक्टर.

अ‍ॅडॅप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा, एक मिनिटाचं काम आहे. सेकंडहँड डेल, एचपी, लेनोव्होचे मिनी कॉम्प्युटर घेणार असाल तर मूळ अ‍ॅडॅप्टर सोबत मागाच. डेल तर तिसऱ्या पिनेवरून अ‍ॅडॅप्टरची ओळख विचारतो. ओळख पटली नाही की मशीन चालू होतं, पण प्रोसेसरचा वेग दाबून ठेवतं.

गॅन, म्हणजे गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरवर चालणारे बिनपंख्याचे सप्लायही आता मिळतात. हे ट्रान्झिस्टर जास्त वेगाने चालू-बंद होतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर आणि कॉइल लहान होतात. रचना सुरेख आहे. पण उष्णता शेवटी कॅबिनेटच्या पत्र्यातच जाते. पत्र्याला नीट चिकटवता येत नसेल तर पैसे वाया.

चौथी पायरी: न उघडता आतली रचना ओळखा

कुठल्याही बऱ्या सप्लायमध्ये भिंतीची एसी वीज आधी सरळ, म्हणजे डीसी होते, मग अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट ती ३८०-४०० व्होल्टपर्यंत चढवून मोठ्या कपॅसिटरमध्ये भरते, आणि तिथून ट्रान्सफॉर्मरमार्गे १२ व्होल्ट तयार होतात. पुढचे ५ आणि ३.३ व्होल्ट कसे तयार होतात, यात खरी जात कळते. चांगल्या रचनेत १२ व्होल्टमधूनच छोटे डीसी-डीसी कन्व्हर्टर ते बनवतात. स्वस्त जुन्या रचनेत १२ आणि ५ व्होल्टची लगाम एकच असते. आजची मशीन जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. मग अशा सप्लायमध्ये १२ खाली बसतात आणि ५ वर चढतात.

हे ओळखायला लेबल पुरतं. ४५० वॉटच्या सप्लायवर १२ व्होल्टसमोर ३७ अँपिअर लिहिले असतील, तर १२ गुणिले ३७ म्हणजे ४४४ वॉट; जवळपास सगळी ताकद १२ वर आहे, आत डीसी-डीसी रचना आहे. त्याच जागी २८-३० अँपिअर आणि ५ व्होल्टच्या रकान्यात भरगच्च आकडे दिसले तर डबा परत ठेवा. काउंटरपलीकडून ‘भैया, सब चलता है’ असं ऐकू येईलच. चालतं, याबद्दल माझं दुमत नाही. किती दिवस, एवढंच विचारायचं.

एटीएक्स१२व्हीओ नावाची नवी रचना आहे, त्यात सप्लाय फक्त १२ व्होल्ट देतो आणि बाकीचं मदरबोर्ड बघतो. छोट्या मशीनला ती खरं तर छान जुळते, पण तशी बोर्डं मोजकी. मुद्दाम मागे लागू नका.

पाचवी पायरी: इन्व्हर्टरसमोर टिकेल का

लाईट गेली, बल्ब क्षणभर मिचकला, पंखा चालूच राहिला आणि कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट झाला. ही तक्रार छोट्या मशीनवाल्यांची जास्त असते. कारण तो मोठा कपॅसिटर. आपल्याकडे नळ एक दिवसाआड येतो म्हणून गच्चीवर टाकी असते, तसा हा कपॅसिटर वीज नसलेल्या क्षणांपुरता साठा धरतो. सप्लाय लहान तशी ही टाकीही लहान.

हिशेब करून बघू. ३३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३९० व्होल्टला भरला आहे आणि ३०० व्होल्टला सप्लाय हात टेकतो असं समजा. मधली ऊर्जा सुमारे १० जूल. २४३ वॉटचं मशीन, मधली गळती धरून २६५ वॉट, म्हणजे ३८ मिलिसेकंद टिकेल. तेच फ्लेक्स-एटीएक्समध्ये १८० मायक्रोफॅरड असेल तर २१ मिलिसेकंद. भार ४०० वर गेला की १३. एटीएक्स मानकात आधी १६-१७ मिलिसेकंदांची अपेक्षा होती, ३.१ मध्ये पूर्ण भारावर ती १२ वर आली.

आता इन्व्हर्टरकडे वळा. मागच्या किंवा बाजूच्या पट्टीवर एक छोटं बटन असतं, एकीकडे यूपीएस आणि दुसरीकडे इको किंवा नॉर्मल. यूपीएस मोडमध्ये तो साधारण १० मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो, दुसऱ्यात ४० पर्यंत लागू शकतात. पंख्या-दिव्यांना ४० चालतात, कॉम्प्युटरला नाही. बटन यूपीएसवर ठेवा. त्याची किंमत एवढीच, की व्होल्टेज थोडं पडलं तरी तो बॅटरीवर उडी मारतो आणि उन्हाळ्यात बॅटरी जरा जास्त वापरली जाते.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीच्या विजेसारखी गोलसर लाट देणारा, असावा. स्क्वेअर वेव्हवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे सप्लाय गुणगुणतात, तापतात, काही वेळा बंदही पडतात. नवा इन्व्हर्टर घेणं जमत नसेल तर त्या एका मशीनपुरता लहान साइन वेव्ह यूपीएस मध्ये बसवा.

बाहेरच्या अ‍ॅडॅप्टरबद्दल एक सावधगिरी. लॅपटॉपच्या अ‍ॅडॅप्टरमागे नेहमी बॅटरी असते, त्यामुळे त्याने क्षणभर दम तोडला तरी कोणाला कळत नाही. तोच अ‍ॅडॅप्टर बॅटरी नसलेल्या मिनी मशीनला लावला की ते उघडं पडतं. म्हणून हातातला जुना अ‍ॅडॅप्टर कायमचा म्हणून वापरायच्या आधी चाचणी करा: आपलं काम सेव्ह करून फाइल बंद करा, मशीनवर जड काम चढवा, आणि इन्व्हर्टरला येणारा एमसीबी खाली पाडा. एकदा पूर्ण भारावर, एकदा नुसतं चालू असताना. दोन-तीनदा केल्याशिवाय निकाल धरू नका, कारण वीज नेमकी लाटेच्या कोणत्या टप्प्यावर तुटते यावर थोडं नशीब असतं.

सहावी पायरी: अर्थिंग

‘काका, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, सप्लाय खराब निघाला वाटतं.’ शेजारचा मुलगा असं म्हणाला तेव्हा आम्ही आधी मल्टिमीटर काढला. कॅबिनेटचा पत्रा आणि न्यूट्रल यांच्यामध्ये शंभरच्या वर व्होल्ट दिसत होते. सप्लाय निर्दोष होता. प्रत्येक सप्लायच्या तोंडाशी विजेतला गोंगाट (नॉइज) गाळणारे दोन लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे जोडलेले असतात. अर्थिंग नसली की पत्रा त्या दोघांच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अगदी किरकोळ असतो, पण छोटं कॅबिनेट टेबलावर कोपराशी असल्याने तो सतत जाणवतो. स्पीकरमधली घरघर पुष्कळदा त्याचीच.

सॉकेटमध्ये फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट यायला हवेत. जुन्या वाड्यांत तिसरं भोक असतं, त्यामागे वायर असेलच असं नाही. वायरमनला बोलावून खरी अर्थिंग करून घ्या. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून हे झाकू नका.

सातवी पायरी: जोडणी आणि पहिला आठवडा

मॉड्युलर, म्हणजे वायर काढता-घालता येणाऱ्या, सप्लायच्या वायर दुसऱ्या सप्लायला कधीही लावू नका, एकाच कंपनीच्या असल्या तरी. मदरबोर्डकडचं टोक प्रमाणित आहे, सप्लायकडचं नाही. १२ व्होल्ट चुकीच्या पिनेवर गेले की एसएसडी आणि बोर्ड एका सेकंदात जातात. नवा १६ पिनांचा ग्राफिक्स कनेक्टर क्लिक होईपर्यंत दाबा आणि पहिले ३५ मिलिमीटर वायर सरळ जाऊ द्या. कॅबिनेटची बाजूची काच वायरीवर दाबली जात असेल तर ते कार्ड त्या कॅबिनेटचं नव्हे.

सप्लायचा पंखा जाळीच्या बाजूला वळवा, म्हणजे तो ग्राफिक्स कार्डाची गरम हवा न घेता बाहेरची घेईल. कॅबिनेट भिंतीला टेकवू नका, आणि टीव्हीच्या बंद कपाटात तर मुळीच नको.

पहिल्या आठवड्यात जड काम चालू असताना मल्टिमीटरने एखाद्या मोकळ्या कनेक्टरवर १२ व्होल्ट मोजा. पिवळी वायर आणि काळी. ११.४ ते १२.६ ही मानकाची हद्द, पण चांगला सप्लाय ११.९ ते १२.१ च्या आत राहतो. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका, बोर्डांचे सेन्सर बिनदिक्कत चुकतात. हेच माप मेच्या दुपारी पुन्हा घ्या. जानेवारीत १२.०५ दाखवणारा सप्लाय तेव्हा ११.६ वर आला, तर वॉरंटी असेतोवर बदलून घ्या. बिल आणि सिरीयल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

धूळ पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा काढली की पुरे. ब्लोअर मारताना पंख्याची पाती लाकडी काडीने अडवून धरा, नाहीतर वाऱ्याने ती भरधाव फिरतात आणि बेअरिंग जातं. सप्लाय न उघडता बाहेरूनच हवा मारा, मशीनची पिन आधी काढून.